मुंबई मॅरेथॉन : रस्ता कुणाचा आणि किती वाजेपर्यंत?

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की आपल्याकडे दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक, 'यंदा कोण कोण धावतंय?' आणि दुसरा, 'यंदा कुठकुठले रस्ते बंद आहेत?' पहिला मेसेज पाठवणारे आणि दुसरा पाठवणारे एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. शहर एकच, रविवारही एकच, पण एकाला तो सण वाटतो आणि दुसऱ्याला डोकेदुखी. मी गेली अनेक वर्षं कॅडेल रोडच्या कडेला उभा राहून दोन्ही बाजू ऐकत आलोय, आणि मला वाटतं या भांडणाच्या मुळाशी या स्पर्धेचा इतिहास आहे. तो इतिहास आपण 'केनियाचा अमुक जिंकला, इथिओपियाची तमुक जिंकली' एवढ्यावर आटपतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

पहिली मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ ला झाली. हो, फेब्रुवारीत. नंतर ती जानेवारीत आणली गेली, त्याला कारण आपली हवा. समुद्राकाठच्या शहरात पंधरा फेब्रुवारीला सकाळी आठनंतर काय होतं ते सांगायची गरज नाही. घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूला उन्हाइतकाच हा दमटपणा मारतो. मुंबईत बर्लिन किंवा लंडनसारख्या वेळा निघत नाहीत त्यामागचं मोठं कारण हेच. दुसरं कारण पेडर रोड, त्याबद्दल पुढे.

२००४ साली ही कल्पना किती विचित्र वाटली असेल ते आज लक्षात येणार नाही. तोपर्यंत 'मॅरेथॉन' हा शब्द आपण शाळेच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीलाही लावायचो आणि 'मॅरेथॉन बैठक' असंही म्हणायचो. देशात मॅरेथॉन नव्हत्या असं नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून सुरू होती आणि पुणेकर हे आपल्याला विसरू देत नाहीत, देऊही नये. ठाण्याची पावसातली वर्षा मॅरेथॉनही जुनी. पण त्या शर्यती मुख्यतः खेळाडूंच्या होत्या. बँकेत काम करणारा, पोट सुटलेला, चाळिशीतला माणूस पैसे भरून बेचाळीस किलोमीटर धावेल आणि वर त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावेल, ही गोष्ट आपल्याकडे नव्हती. ती प्रोकॅम नावाच्या कंपनीने, म्हणजे अनिल आणि विवेक सिंग या भावांनी, मुंबईत आणली. प्रायोजक स्टँडर्ड चार्टर्ड बँक. शर्यतीचं तांत्रिक काम ह्यू जोन्स बघत आले आहेत, हे १९८२ ची लंडन मॅरेथॉन जिंकलेले गृहस्थ. म्हणजे साचा सरळ सरळ लंडनचा होता : वर अव्वल परदेशी धावपटू, मध्ये हौशी लोकांची मोठी फौज, खाली धर्मादाय संस्थांसाठी निधी, आणि हे सगळं टीव्हीवर.

पहिल्या वर्षी पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. पहिल्याच वर्षी या तोडीचा माणूस आपल्या चर्चगेटजवळून पळत गेला आणि आपल्यापैकी बहुतेकांना तो कोण हे ठाऊक नव्हतं. सगळे कॅमेरे फिल्मी मंडळींकडे होते. ते आजही असतात, पण आता निदान रस्त्यावरची दहावीतली पोरं इथिओपियाच्या धावपटूंची नावं सांगतात.

बरं, थोडं मागे जाऊ या, कारण मुंबई आणि मॅरेथॉन यांचं नातं २००४ चं नाहीच.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. तिथे त्यांनी शेतकरी घरातली पोरं अनवाणी धावताना पाहिली. लांब पल्ल्याच्या त्यांच्या वेळा त्या काळच्या युरोपातल्या वेळांच्या बऱ्यापैकी जवळ होत्या. दोराबजींनी ठरवलं की यांना ऑलिम्पिकला पाठवायचं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी खटपट केली, दोराबजींनी स्वतःच्या खिशातले पैसे घातले, आणि १९२० मध्ये सहा जणांचा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. तो मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला, वेळ दोन तास पन्नास मिनिटं. त्यातही तेव्हाचं अंतर आजच्यापेक्षा जास्त होतं, ४२.७५ किलोमीटर. आजचं ४२.१९५ चं अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधलं, पण ते कायमचं ठरलं १९२१ मध्ये. म्हणजे आपला चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त धावून एकोणिसावा आला होता. त्याच संघात कोल्हापूरचा पैलवान रणधीर शिंदे होता, त्याचं कुस्तीतलं पदक थोडक्यात हुकलं, चौथा आला.

२०१८ मध्ये प्रायोजक बदलले आणि स्पर्धेचं नाव टाटा मुंबई मॅरेथॉन झालं, तेव्हा मला सगळ्यात आधी दोराबजी आठवले. जाहिरातबाजीच्या गदारोळात ही गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. मला प्रायोजकाचं कौतुक करायचं नाहीये. शंभर वर्षांपूर्वी पैसे धावपटूवर खर्च झाले होते, आज ते मुख्यतः स्पर्धेवर खर्च होतात, हा फरक मात्र नोंदवून ठेवतो. त्याकडे परत येईन.

आता मार्ग. मॅरेथॉनचा मार्ग म्हणजे शहराने स्वतःबद्दल काढलेला नकाशा असतो. फुल मॅरेथॉन सीएसएमटीपासून सुटते, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, बाबुलनाथ, केम्प्स कॉर्नरचा पूल, पेडर रोड, हाजी अली, वरळी, वांद्रे, आणि मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी असं करत परत त्याच वाटेने सीएसएमटीला. पेडर रोडचा चढ जाताना कुणाला जाणवत नाही. येताना तो पस्तीस-छत्तीस किलोमीटर झाल्यावर येतो, नेमका तेव्हा जेव्हा अंगातली साठवलेली साखर संपलेली असते आणि पाय ऐकत नसतात. फार उंच नाही हो तो. टॅक्सीत बसून गेलात तर चढ आहे हे कळणारही नाही. पण माझ्या ओळखीतल्या प्रत्येक रनरची एक तरी कडू आठवण तिथली आहे.

अंतर मोजतात कसं, हे मला फार दिवस माहीत नव्हतं. सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला एक छोटं मोजयंत्र लावतात, आधी मोजपट्टीने आखलेल्या अंतरावर त्या सायकलचं प्रमाण ठरवून घेतात, आणि मग प्रत्येक वळणावर धावपटू जास्तीत जास्त जवळून कसा जाईल ती रेषा पकडून सायकल चालवतात. वर दर हजार मीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला बेचाळीस मीटर. कारण अंतर थोडं जास्त भरलं तर चालतं, पण एक मीटर कमी भरलं तर कुणाचाही विक्रम बाद. आपल्या शहरात, जिथे फूटपाथ दर सहा महिन्यांनी नवा होतो आणि मेट्रोचे पत्रे रोज सरकतात, हे काम काय कसरतीचं असेल त्याची कल्पना करा.

जून २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि मॅरेथॉनला तिचं चित्र मिळालं. आज मुंबई मॅरेथॉन म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं : केबलचे उंच खांब, मागे उजाडणारं आभाळ, आणि पुलावर हजारो माणसं. पण लक्षात घ्या, हा साडेपाच किलोमीटरचा पूल आपल्या सगळ्यांच्या पैशातून बांधला आणि त्यावर पायी जायला बंदी आहे. स्कूटरला बंदी, रिक्षाला बंदी, सायकलला बंदी. वर्षातल्या एका सकाळी माणसाला त्यावरून स्वतःच्या पायाने जाता येतं, तेही बिब नंबर लावून, शुल्क भरून. खाली वरळी कोळीवाडा आहे. तिथल्या लोकांनी पुलाचा खांब न् खांब उभा राहताना पाहिला, त्यापायी मासेमारीची जागा कमी झाल्याची तक्रार केली, आणि त्यांच्यातले किती जण त्या पुलावर कधी उभे राहिले असतील? मॅरेथॉनचा विरोध म्हणून नाही म्हणत मी हे. उलट मला वाटतं त्या एका सकाळीच आपल्याला कळतं की हा पूल चालण्यासारखा आहे.

२००९ च्या जानेवारीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर काय झालं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. त्यानंतर आठ आठवडेही झाले नव्हते आणि १८ जानेवारीला मॅरेथॉन होती, सुटणार त्याच स्टेशनसमोरून. रद्द करा असं म्हणणारे होते, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. हजारो माणसं एका जागी जमवणं म्हणजे जोखीमच होती. पण ती झाली. बंदोबस्त प्रचंड होता, बॅगा तपासत होते, आणि नेहमी रस्ता बंद म्हणून चिडणारे लोक त्या वर्षी पोलिसांना पाणी देत होते. पुरुषांत केनियाचा केनेथ मुगारा जिंकला. पण त्या दिवशीचं मला आठवतं ते ड्रीम रनमधले फलक. एरवी तिथे कंपन्यांच्या नावाचे टीशर्ट आणि गाढवपणाचे मुखवटे असतात. त्या वर्षी शहीद पोलिसांचे फोटो होते.

आणि एक योगायोग, जो बहुतेकांच्या लक्षात आला नसेल. १८ जानेवारी हीच ती तारीख. १९८२ साली याच तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं गिरण्यांबाहेर आली आणि बहुतेक परत आत गेलीच नाहीत. सत्तावीस वर्षांनी त्याच दिवशी त्याच वरळी-प्रभादेवीच्या रस्त्यांवरून वेगळी गर्दी धावत होती. माझ्या लहानपणी या भागात व्यायाम म्हणजे तालीम, कबड्डी, खो-खो. पहाटे रस्त्यावर पळणारा माणूस दिसला तर तो एक तर पोलीस भरतीची तयारी करणारा असायचा नाहीतर चोर. गिरण्या गेल्या, टॉवर आले, आणि पहाटे रस्त्यावर महागडे बूट घालून पळणारे लोक आले. मॅरेथॉन आणि हा बदल एकाच वेळी झाले, त्यामुळे एकाचा राग दुसऱ्यावर निघतो. 'श्रीमंतांची चूष' हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही.

ते वाक्य अर्धं खरं आहे. ड्रीम रन बघा. साधारण सहा किलोमीटर, त्यातलं निम्मं अंतर लोक सेल्फी काढत चालतात. रनर मंडळी त्याला नाकं मुरडतात, मीही मुरडलीत. पण खरा इतिहास बघितला तर या स्पर्धेचा श्वास तिथेच आहे. व्हीलचेअरवरचे स्पर्धक, ज्येष्ठ नागरिक, कॅन्सरच्या उपचारातून उठलेले लोक, एखाद्या छोट्या संस्थेची पंचवीस मुलं, हे सगळे तिथेच भेटतात. या स्पर्धेच्या निमित्ताने आजवर शेकडो कोटी रुपये सामाजिक संस्थांकडे गेले आहेत, आणि त्यात अशा कितीतरी संस्था आहेत ज्यांना दुसऱ्या कुठल्या मार्गाने एवढे लोक भेटले नसते. हे पैसे कंपन्यांच्या बजेटमधून येतात हे खरं, पण बरेचसे एकेका रनरने आपल्या ओळखीपाळखीच्यांकडे हात पसरून जमवलेलेही असतात. २०२५ ला विसावी स्पर्धा झाली तेव्हा सगळ्या गटांत मिळून साठ हजारांवर लोक होते. मध्ये २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं कोरोनाने खाल्ली, म्हणून विसावी २०२५ ला आली.

साठ हजार लोक सगळे पेडर रोडवर राहत नाहीत. पहाटे साडेतीनला डोंबिवलीहून, वसईहून निघणारे लोक यात असतात. त्यांच्यासाठी रेल्वे पहाटेच्या खास लोकल सोडते. एकदा त्या लोकलने जाऊन बघा. डब्यात सगळे केळी खातायत, कुणी बिब लावतोय, कुणी गुडघ्याला पट्टी बांधतोय, आणि दारात उभा असलेला मासळीवाला या सगळ्यांकडे 'काय येड्यांचा बाजार आहे' अशा नजरेने बघतोय.

आता महाराष्ट्राच्या पोरींकडे येतो, कारण माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासाचा गाभा तिथे आहे.

ललिता बाबर. सातारा जिल्हा, माण तालुका, मोही गाव. माण म्हणजे काय ते साताऱ्याकडच्यांना विचारा : दुष्काळ, टँकर, छावण्या. तिथली ही मुलगी मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात लागोपाठ तीनदा पहिली आली, २०१२, २०१३, २०१४. मग ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत जाऊन दहावी आली. मधलं २०१५ चं वर्ष तर विसरण्यासारखं नाहीच. त्या वर्षी मुंबईच्या याच रस्त्यांवर ओ. पी. जैशाने दोन तास सदतीस मिनिटांत नवा राष्ट्रीय विक्रम केला. मागून ललिता आणि सुधा सिंग आल्या, आणि तिघींच्याही वेळा बीजिंगच्या जागतिक स्पर्धेच्या पात्रतेत बसल्या. एका सकाळी तीन बायका! आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर कुणाचा फोटो होता ते तुम्हीच आठवा. माझ्या घरी जो पेपर येतो त्यात तरी एका नटाचा होता.

२०१७ ला भारतीय महिलांत परभणीची ज्योती गवते पहिली आली. परभणी! मुंबईत बसून आपण 'रनिंग कल्चर' वगैरे बोलतो आणि जिंकून जाते परभणीची मुलगी. पुरुषांत बघाल तर बहुतेक नावं लष्करातली : नितेंद्र सिंग रावत, टी. गोपी, श्रीनू बुगाथा. राम सिंग यादव यांनी २०१२ ला मुंबईत २ तास १६ मिनिटं ५९ सेकंद अशी वेळ दिली आणि त्यावर ते लंडन ऑलिम्पिकला गेले. रावत यांनी २०१६ ला २ तास १५ मिनिटं ४८ सेकंद काढले. या वेळा ऐकून छान वाटतं, पण शेजारी दुसरा आकडा ठेवा : शिवनाथ सिंग यांनी १९७८ ला जालंधरमध्ये दोन तास बारा मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. साध्या बुटांत, कधी अनवाणी पळणारा बिहारचा माणूस. तो विक्रम चाळीस वर्षांहून जास्त काळ कुणाला मोडता आला नाही. देशभर मॅरेथॉनचं पीक आलं, लाखो लोक धावू लागले, आणि सगळ्यात वरचा आकडा जागचा हलला नाही. याचा अर्थ काय लावायचा? मी असा लावतो की हौशी धावणं आणि खेळाडू घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं वाढलं की दुसरं आपोआप होईल हा आपला भ्रम होता.

बक्षिसांकडे बघा. अलीकडच्या वर्षांत मुख्य विजेत्याला, पुरुष असो की महिला, पन्नास हजार डॉलर मिळतात. पुरुष आणि महिलांना सारखेच, हे या स्पर्धेच्या बाजूने सांगायलाच हवं. भारतीय गटातल्या विजेत्याला पाच लाख रुपये. परदेशी खेळाडूला जास्त का, असा माझा प्रश्न नाही. तो दहा मिनिटं आधी पोचतो, त्याचा हक्क आहे. प्रश्न हा आहे की माणच्या पोरीला उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कोण बघतं.

परदेशी विजेत्यांचंही सगळं सोन्याचं असतं असं नाही. २०२० चा विजेता इथिओपियाचा देरारा हुरिसा. त्याचे बूट प्रवासात हरवले, सहकाऱ्याचे उसने बूट घालून तो धावला आणि २ तास ८ मिनिटं ९ सेकंदांचा मार्गविक्रम करून गेला. पुढच्या वर्षी तोच व्हिएन्नात पहिला आला आणि बाद झाला, कारण बुटाचा सोल नियमापेक्षा एक सेंटिमीटर जाड होता! बुटांनी या माणसाचं नशीब असं दोन्हीकडून लिहिलं. त्याचा मुंबईतला विक्रम २०२३ ला हेले लेमीने मोडला, २:०७:३२. आणि २०१७ ला मुंबईत जिंकलेला टांझानियाचा आल्फोन्स सिंबू २०२५ ला टोकियोत जगज्जेता झाला, तोही मॅरेथॉनमध्ये फोटो फिनिश करून, बेचाळीस किलोमीटरनंतर शतांश सेकंदांच्या फरकाने. तो २०१७ ला आमच्या कोपऱ्यावरून गेला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी त्याला चिक्की देऊ केली होती. त्याने घेतली नाही. त्या अजून सांगतात.

काळ्या बाजू आहेतच. धावताना माणसं दगावली आहेत. २०२० ला एक ज्येष्ठ स्पर्धक, २०२४ ला दोघं. मार्गावर डॉक्टर, रुग्णवाहिका असतात, तरीही. आपल्याकडे लोक जिममधल्या पैजेवर नाव नोंदवतात, ईसीजी काढत नाहीत आणि आदल्या रात्री लग्नाला जातात. प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडायचा, तो आता पूर्वीपेक्षा कमी दिसतो पण पडतोच. महापालिका आणि आयोजक यांच्यात जाहिरातीच्या शुल्कावरून वादावादी होत आली आहे, आणि इथे मी पूर्णपणे महापालिकेच्या बाजूने आहे. रस्ता शहराचा आहे, त्यावर फलक लागत असतील तर पैसे भरा, साधी गोष्ट आहे. फक्त ते पैसे कुठे जातात तेही आम्हाला सांगा.

कारण ज्या शहरात देशातली सगळ्यात गाजलेली मॅरेथॉन होते त्या शहरात मुलांनी पळायचं कुठे? सिंथेटिक ट्रॅक म्हटलं की प्रियदर्शिनी पार्क आणि मरीन लाइन्सचं विद्यापीठाचं मैदान. दोन्ही दक्षिणेला. भांडुपच्या, मानखुर्दच्या पोराला तिथे जायला दीड तास. उत्तरेकडचे लोक नॅशनल पार्कात आणि आरेत पळतात, तेही झाडं राहतील तोवर. आणि वीस स्पर्धा झाल्या तरी मार्ग वांद्र्याच्या पुढे गेलेला नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या लोकांसाठी मुंबई मॅरेथॉन म्हणजे टीव्हीवर दिसणारी मुंबई. वसई-विरारने २०११ पासून आपली वेगळी मॅरेथॉन सुरू केली आणि तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी गर्दी असते ती बघितली की कळतं, उपनगरांना हे हवं होतं. आम्हाला विचारलंच नव्हतं कुणी.

माझी मागणी फार नाही. पूर्ण मार्ग बदलू नका, सीएसएमटी ते वांद्रे हे आता परंपरेचं झालंय. पण वर्षातून एका रविवारी पूर्व द्रुतगती मार्गाचा एक तुकडा चार तास द्या, आणि सागरी सेतू वर्षातून आणखी दोन-चार सकाळी साध्या चालणाऱ्यांसाठी उघडा, बिबशिवाय, पैशांशिवाय. मॅरेथॉनच्या दिवशी पोलीस, महापालिका, रेल्वे, रुग्णालयं सगळे मिळून हे पहाटेपासून दुपारपर्यंत करून दाखवतात, दर वर्षी. म्हणजे जमत नाही असं कुणी म्हणू नये. नगरसेवकाला पत्र द्यायचं आहे, मसुदा मी तयार केलाय, ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला कळवा.

आणि हो, २००४ च्या पहिल्या स्पर्धेचे फोटो माहीम-दादर भागातल्या कुणाकडे असतील तर खाली टाका. विशेषतः शिवाजी पार्कजवळचे. त्या वर्षी तिथे बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या असं दोघातिघांनी सांगितलंय, एक तरी फोटो मिळाला तर बरं होईल.